ओल्या दिवसांची गाडी

त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. समोरचा पंक्चरवाला म्हणतो, मी ठेवलं. पण गल्लीतल्या प्रत्येक बऱ्या गोष्टीचं श्रेय तो घेतो, तेव्हा ते सोडून द्या. नाव मात्र चपखल होतं. गायला सांगितलं असतं तर या माणसाच्या गळ्यातून एक सूर सरळ निघाला नसता. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की दुसऱ्याच गाडीच्या बॉनेटखाली वाकलेला असतानाच तो म्हणायचा, "टॅपेट सैल आहेत," किंवा "सायलेन्सरला भोक पडलंय," आणि मग सावकाश हात पुसत बाहेर यायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने खोकायचंसुद्धा नाही, असा अलिखित नियम होता.

त्याच्या बायकोला या कानांचं फारसं कौतुक नव्हतं. "इंजिनाचं सगळं ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणायची. "घरातलं माणूस बोललं की बहिरे." दिव्याखाली अंधार असतो, हे बायकांना लग्नानंतर फार लवकर कळतं.

गॅरेज लहानच. दोन गाड्या जेमतेम मावतील अशी लांबट जागा आणि मागे एक खिडकी, तिची एक काच मुद्दाम काढून ठेवलेली. डाव्या भिंतीवर पान्हे टांगलेले, आणि प्रत्येक पान्ह्यामागे भिंतीवर त्याची पांढऱ्या रंगातली आकृती. पान्हा जागेवर नसला की लगेच डोळ्यात भरावं म्हणून. ही युक्ती कानसेनची नव्हे, त्याच्या लेकीची. शिक्षण संपल्यावर ती चार वर्षं याच गॅरेजात बापाच्या हाताखाली राबली. एका रिकाम्या दुपारी स्टुलावर उभी राहून तिने त्या आकृत्या रंगवल्या. आज त्यांतली एकच रिकामी आहे, दहा नंबरची. जाताना तिने तेवढा एक पान्हा नेला. कानसेनने नंतर दुसरा आणला, पण तो खिशात ठेवतो. भिंतीवर टांगायला त्याचा हात उचलत नाही.

ती का गेली, ते सांगायचं तर आधी गाड्यांच्या एका दुखण्याबद्दल सांगावं लागेल.

गाड्यांची दुखणी पुष्कळ, पण ओल्या हवेतलं दुखणं सगळ्यांत लबाड. कोरड्या दिवशी गाडी गुणी मुलासारखी चालते. जरा भुरभुर झाली, धुकं पडलं, की मिसिंग मारायला लागते. चारांतला एक सिलिंडर मध्येच काम टाकतो आणि गाडी झटके देत चालते. मालक वैतागून गॅरेजात आणतो तोवर इंजिन तापून सगळं वाळलेलं असतं आणि गाडी पुन्हा साळसूद. मग कुणी प्लग बदलतो, कुणी कार्ब्युरेटर साफ करतो. दोष बहुतेक वेळा करंटच्या वाटेवर असतो. प्लगच्या वायरीवरचं रबर कुठेतरी चिरलेलं असतं, नाहीतर चारी प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणाला केसाएवढा तडा गेलेला असतो. त्या तड्यात ओल शिरली की करंट भलत्याच वाटेने पळतो.

हा चोर पकडायची कानसेनची रीत ठरलेली होती. सायलेन्सरला लांब रबरी नळी लावून तिचं तोंड मागच्या खिडकीतल्या काढलेल्या काचेच्या जागेतून बाहेर सोडायचं, म्हणजे धूर आत कोंडत नाही. मग भर दुपारी शटर खाली ओढून अंधार करायचा. एकाने गाडीत बसून रेस द्यायची. दुसऱ्याने कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तसल्या फवाऱ्याच्या बाटलीने आधी एकेका वायरीवर, मग झाकणावर पाण्याची वाफेइतकी बारीक फुंकर मारायची. जिथे इंजिन अडखळेल आणि अंधारात निळसर धागा लवलवताना दिसेल, तिथे दोष. बाटली धरणाऱ्याने डावा हात पाठीमागे ठेवायचा, झटका बसला तर छातीतून जाऊ नये म्हणून. लेकीला त्याने पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. पुढे ती बॉनेटपाशी गेली की तिचा डावा हात आपोआप पाठीशी जायचा, नुसतं तेल बघायचं असलं तरी.

हे काम दोघांचं. एकट्याने होत नाही असं नाही, पण मग गाडीत बसायचं, उतरायचं, फवारायचं, पुन्हा बसायचं. आणि तेवढ्यात तो निळा धागा आपला विझून जातो.

तर सात वर्षांपूर्वी फर्निचरवाल्याची गाडी आली. मोठा माणूस, मोठं पोट, नेहमीची घाई. "ओल्यात झटके मारते," म्हणाला. कानसेनने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कार्ब्युरेटर." अंधार केला नाही, पाणी मारलं नाही. गिऱ्हाईक घाईत आणि याला आपल्या कानांचा माज. लेक झाकण काढून उजेडात बघत होती. ती म्हणाली, "बाबा, झाकणाला तडा आहे."

एवढंच म्हणाली. पण फर्निचरवाला पोट हलवत हसला. "काय हो कानसेन, उस्ताद कोण इथे? तुम्ही की ही?"

कानसेनला ते लागलं. बापाने लेकीचं कौतुक करून विषय संपवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला लिहायला काही उरलं नसतं. तो म्हणाला, "गॅरेज चालवायला कान लागतात, जीभ नाही. आणि हे तसंही तुझं काम नव्हे. जा, घरी जा." गिऱ्हाइकासमोर म्हणाला.

तिने झाकण होतं तसं बसवलं, हात धुतले, दहा नंबरचा पान्हा पिशवीत टाकला आणि गेली. महिन्याभरात तिने पलीकडच्या भागात खोली घेतली आणि एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. पंधरा-वीस दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचे. फर्निचरवाल्याची गाडी दुसऱ्याच दिवशी परत आली, झटके देत. तडा झाकणालाच होता. कानसेनने मुकाट्याने झाकण बदललं, जुनं भंगाराच्या डब्यात टाकलं आणि कुणापाशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पडलो तरी नाक वर.

आईला भेटायला ती यायची, पण बाप गॅरेजात असेल अशी वेळ बघून. घरी आल्यावर कानसेनला सिंकमध्ये दोन कप विसळून ठेवलेले दिसायचे. बायकोला तो काही विचारत नसे. कप मात्र थोडा वेळ बघत उभा राहायचा.

मग पुढच्या वर्षीच्या पावसाळी हवेत एका दुपारी त्याला गल्लीच्या तोंडाशी एक इंजिन ऐकू आलं. तीन सिलिंडर चालू, चौथा मध्येच गळपटतोय. तो बाहेर आला. मळकट हिरवी जुनी गाडी, एक दार भलत्याच रंगाचं. आत लेक.

"गाडी बघायची होती," ती म्हणाली. पुढे "बाबा" नाही.

त्याने बॉनेट उघडलं. दोष सापडायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. झाकणावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. त्या मापाचं नवीन झाकण त्याच्या खणात पडलेलं होतं, काढून बसवायला दहा मिनिटं. त्याचा हात खणाकडे गेला आणि तिथेच थांबला. नवीन झाकण बसवलं की ही गाडी पुन्हा कधी मिसिंग मारणार नाही. आणि मग ही पुन्हा कशाला येईल?

त्याने जुनंच झाकण कोरड्या फडक्याने पुसलं, दिव्याच्या उबेला धरून वाळवलं आणि परत बसवलं. "ओल धरते," म्हणाला. "पुन्हा त्रास दिला तर आण."

गाडीने त्रास दिलाच. सहा वर्षं दिला. ढग भरून आले की गल्लीतली माणसं दोरीवरचे कपडे काढायला धावायची आणि कानसेन चहा टाकायचा. ती येई, तो झाकण पुसे, ती बाकावर बसून चहा पिई. बोलणं गाडीपुरतं. "ब्रेक बरे आहेत?" "बरे आहेत." "हवा बघितलीस?" "बघितली." कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. कधीकधी तो पुसलेलं झाकण पुन्हा पुसायचा. तेवढ्यावर त्याचे पुढचे कोरडे दिवस निघायचे. पंक्चरवाला म्हणायचा, "अरे, उन्हाळ्यात तुझं तोंड एवढं का उतरतं? सगळ्या जगाला ऊन आवडतं." कानसेन म्हणायचा, "उन्हाचा त्रास होतो मला."

यंदाच्या ओल्या हवेत मात्र भलतंच झालं. एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "तिची गाडी काल पुलाखालच्या पाण्यात बंद पडली. दोन तास. डब्यातले नमुने सगळे गेले. एका म्हाताऱ्या बाईला शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं होतं, तिला आज पुन्हा टोचलं. लॅबवाल्यांनी लेखी ताकीद दिली आहे. आणखी एकदा असं झालं तर घरी बसवणार म्हणे."

कानसेनचा घास हातात राहिला. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, पण आपण सांगू. त्याच्या मनात आलं: सुटली नोकरी, तर येईल परत गॅरेजात. अगदी एवढं एकच वाक्य आलं. आणि त्याला स्वतःची लाज वाटली. आपल्या लेकीचं नुकसान व्हावं म्हणून आपण सहा वर्षं फडकं फिरवतोय की काय? आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या हातात ती सुई चौथ्यांदा गेली, ती कुणामुळे?

"तिला सांग, उद्या गाडी आण," तो म्हणाला. "पक्कं काम करतो."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "इतकी वर्षं कच्चं करत होता?"

चोराच्या मनात चांदणं. तो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी बाहेर नुसतं धुकं होतं. ती दुपारी आली. कानसेनने चहा टाकला नव्हता. त्याने नळी लावली, शटर खाली ओढलं, फवाऱ्याची बाटली तिच्या हातात दिली आणि स्वतः गाडीत जाऊन बसला.

"मी रेस देतो," तो म्हणाला. "तू सांग."

मागच्या खिडकीतून येईल तेवढाच अंधुक उजेड. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून त्याला तिची बाटली धरलेली मूठ दिसत होती. दुसरा हात दिसत नव्हता, म्हणजे तो पाठीमागे होता. तिने पहिली वायर फवारली, दुसरी, तिसरी, चौथी. इंजिन ठीक. मग झाकण. इंजिन अडखळलं, आणि निळा धागा लवलवला तेवढ्यापुरता तिचा चेहरा दिसला.

"झाकणाला तडा आहे," ती म्हणाली. सात वर्षांपूर्वीचेच तीन शब्द, त्याच आवाजात.

कानसेनने इंजिन बंद केलं. शटर उघडायला तो उठला नाही. काही गोष्टी बोलायला अंधार बरा पडतो.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मलाही," ती म्हणाली.

आता बघा, इंजिनाच्या पोटातलं ऐकणारा हा माणूस, पण हे सहा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. जी मुलगी दुसऱ्याच्या झाकणावरचा तडा उजेडात नुसता बघून ओळखते, तिला स्वतःच्या गाडीतला कळत नसेल? ताकाला जाऊन भांडं लपवत होते दोघंही, आणि प्रत्येकाला वाटत होतं भांडं फक्त आपल्याच पाठीमागे आहे.

"मग बदललं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही का नाही बदललंत?"

याचं दोघांपाशी एकच उत्तर होतं. ती हळूच म्हणाली, "नुसती झटके मारेल असं वाटायचं. बंद पडेल असं वाटलं नव्हतं. त्या आजींची मी जाऊन माफी मागितली."

कानसेन म्हणाला, "त्या गाडीलाही तडाच होता. फर्निचरवाल्याच्या."

"माहीत आहे. मी पान्हा परत करायला आले होते दोन दिवसांनी. तुम्ही जेवायला गेला होतात. भंगाराच्या डब्यात ते झाकण दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

सात वर्षं. कानसेनला वाटलं, उठावं आणि हिच्या डोक्यावर हात ठेवावा, म्हणावं, चुकलो, हे गॅरेज तुझं आहे, तुझंच होतं. हे सगळं त्याच्या घशापर्यंत आलं. पण सवय नसलेल्या माणसाचं बोलणं जुन्या गाडीसारखं असतं, पहिल्या किल्लीला चालू होत नाही. त्याने शटर वर केलं, खणातून नवीन झाकण काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "बसव," म्हणाला.

तिने पिशवीतून दहा नंबरचा पान्हा काढला, बॅटरीची वायर सोडवली, जुनं झाकण उतरवलं, चारी वायरी एकेक करून नव्या झाकणात बसवल्या. एकदाही विचारलं नाही, त्याने एकदाही सांगितलं नाही. गाडी चालू झाली तेव्हा तिने पुन्हा पाणी मारून बघितलं. चारी सिलिंडर एका लयीत. तिने पान्हा पुसला, भिंतीवरच्या रिकाम्या आकृतीकडे क्षणभर बघितलं आणि तो परत पिशवीत टाकला.

"निघते," ती म्हणाली. "चारला दवाखाना आहे."

त्याने सायलेन्सरची नळी काढली, आणि ती गेली.

मग धो धो पाऊस लागला. आठ दिवस सरळ. कानसेन रोज चहा टाकायचा आणि दोन्ही कप स्वतःच प्यायचा. तिचा रस्ता गल्लीच्या बाहेरूनच जायचा, आणि आता त्याला ते ऐकू यायचं: साडेतीनच्या सुमारास, बस आणि ट्रकच्या गोंगाटातून, चार सिलिंडरांचा स्वच्छ आवाज. झटका नाही, खंड नाही. आवाज जवळ यायचा, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर मोठा व्हायचा आणि निघून जायचा. आपल्याच गॅरेजातलं काम इतकं चोख झाल्याचं दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. तो आवाज संपेपर्यंत तो हातातलं काम थांबवायचा. मनात ठरवायचा, आता आली की बोलायचं. पण यायला तिला आता कारण काय होतं? कारण तर त्याने स्वतःच काढायला लावून भंगारात टाकलं होतं.

"जा ना तिच्याकडे," पंक्चरवाला म्हणाला. "पाय आहेत की तुला."

"कामात असते ती."

"आणि तू? तू तर नुसता चहा पितोस."

दोनदा तो शर्ट बदलून निघाला. एकदा कोपऱ्यावरून परत आला आणि एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन. दाराला कुलूप होतं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं, मग रस्ताभर वाईट वाटलं.

नवव्या दिवशी ऊन पडलं. लख्ख, कोरडं ऊन, कानसेनच्या नावडीचं. आणि नेमका त्या दिवशी फर्निचरवाला आला, नवीन गाडी घेऊन. म्हणजे त्याला नवीन, तशी जुनीच. पोट आणखी पुढे गेलेलं, घाई तेवढीच.

"परवाच्या पावसात झटके मारत होती. आज बघा, मख्खन. ऐका बरं जरा कान लावून."

कानसेनने स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि खाली ठेवला. "कानाने नाही कळायचं," तो म्हणाला. "अंधार करावा लागेल. थांबा."

नळी लावली, शटर अर्ध्याच्या खाली ओढलं. गाडीत बसून चालू केली, उतरला, फवारलं, इंजिन जरासं थरथरलं. पळत जाऊन रेस दिली तोवर थरथर गेलेली. पुन्हा उतरला. गुडघे कुरकुरले. फर्निचरवाला कोपऱ्यात घड्याळ बघत उभा. तिसऱ्यांदा कानसेन बाटली घेऊन वाकला, तेव्हा शटरच्या खालून कुणीतरी वाकून आत आलं. त्याच्या हातातली बाटली अलगद काढून घेतली गेली.

"अर्धाच तास आहे माझ्याकडे," लेक म्हणाली. "बसा गाडीत, बाबा. रेस द्या."

बाहेर कोरडं ऊन होतं. तिच्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. तो गाडीत जाऊन बसला आणि पाय रेसवर ठेवला. तेवढंसुद्धा त्याला नीट जमेना, इंजिन उगाच गुरगुरलं. "सावकाश," ती म्हणाली. तिचा डावा हात पाठीशी होता. पहिली वायर. दुसरी. तिसऱ्या वायरीला इंजिन जोरात अडखळलं, आणि अंधारात निळा धागा लवलवला.

त्याने इंजिन बंद केलं. फर्निचरवाला पुढे आला आणि खिडकीशी वाकला. "काय निघालं, कानसेन?"

कानसेनने निळा धागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. तो ते गिळून म्हणाला, "मला काय विचारता? उस्तादाला विचारा."